राउंडमधली सासूबाई

किस्से जमवायला कोणी बसत नाही. ते आपोआप जमतात, आमच्या वॉर्डातल्या कपाटावर पडलेल्या जुन्या एक्स-रेंसारखे. कोणाला लागत नाहीत आणि फेकायचा धीरही कोणाला होत नाही. दर दिवाळीला सिस्टर विचारतात, "मैडम, ये सब हटवा दें?" मी म्हणते, "रहने दो." मग एखाद्या दुपारी ओपीडी लवकर आटोपते, कोणीतरी चहा सांगतं आणि एकेक काढून उजेडाला धरून पाहणं सुरू होतं.

पेशंटचे किस्से सगळेच डॉक्टर सांगतात. माझ्याकडचे जरा वेगळे आहेत. डॉक्टरांनी डॉक्टरांना पाहिल्याचे आहेत हे.

आम्ही चौघं होतो. मी मेडिसिनची. माहेर नागपूर, नवऱ्याची नोकरी इथल्या फॅक्टरीत, म्हणून लग्न करून जबलपूरला आले ती इथलीच झाले. दाते सर आमचे विभागप्रमुख. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली की वेगळी काढता यायची नाही. दुबे सर्जन, माझ्याहून लहान, मला दीदी म्हणायचा, आणि चालण्याऐवजी धावायचा. आणि फरहत मुलांची डॉक्टर; आवाज इतका हळू की रडणारी पोरं ती काय बोलते ते ऐकायला गप्प व्हायची.

आता चौघांपैकी या इमारतीत मी एकटीच उरले आहे. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

*

दाते सर एकदा शिक्षकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले. अशा प्रशिक्षणांहून लोक पिशवी, पेन आणि सर्दी घेऊन परत येतात. सर कल्पना घेऊन आले!

मीटिंगमध्ये ते हिंदीत बोलायचे, मी आपल्या मराठीत सांगते. म्हणाले, "आपण इतकी वर्षं राउंड घेतो, शिकवतो. आपल्याला शिकवताना कोणी पाहिलंय? विद्यार्थी पाहतात, पण घाबरून पाहतात. पेशंट पाहतात, पण आशेनं पाहतात. बरोबरीच्या माणसानं कधी पाहिलंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

नियम सोपे होते. एकानं दुसऱ्याच्या राउंडला किंवा क्लासला कोपऱ्यात उभं राहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. नंतर दोघांनीच चहाला बसायचं. एक गोष्ट सांगायची जी चांगली झाली, एक सांगायची जी बदलता येईल. तिसऱ्याला कळता कामा नये.

दुबेनं हात वर केला. "सर, मतलब बहू रोटी बेलेगी और सास कोने में खड़ी देखेगी?"

"बिलकुल!" सर म्हणाले. "हमारे यहाँ उसे सासूबाई कहते हैं."

दुबेला तो शब्द भलताच आवडला. जिभेवर गोळी ठेवावी तसा तो घोळवत बसला, "सासूबाई... सासूबाई..." आठवड्याभरात सगळ्या हॉस्पिटलात तेच नाव. रेसिडेंट पोरं सरळ विचारायची, "मैडम, आज आप किसकी सासूबाई हैं?"

एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, वॉर्डात फोन केला. रेसिडेंटनं अदबीनं सांगितलं, "मैडम, सर अभी नहीं आ सकते. वो दुबे सर की सासूबाई बने हुए हैं."

संध्याकाळी सर घरी गेले तर काकू दारातच. "काहून हो, रिटायरमेंट तोंडावर आली आणि हे काय नवीन?"

*

"पहिली सून मी," असं सरांनीच जाहीर केलं आणि त्यांची सासूबाई म्हणून मला नेमलं. मला घाम फुटला! अर्ध्या शहरातले डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. दुसऱ्या युनिटची मुलं चोरून त्यांच्या राउंडला उभी राहायची.

मी कोपऱ्यात. सर बहरात. "बताओ, इस मरीज़ के पैरों में सूजन क्यों है?" आणि समोरचा मुलगा तोंड उघडायच्या आत, "क्योंकि इसका दिल थक गया है!" उत्तर इतकं सुरेख की पोरं माना डोलवायची. मीही डोलवली. मग लक्षात आलं, अख्ख्या राउंडमध्ये एकाही पोराचा आवाज ऐकू आलेला नाही.

चहाला बसलो. मी म्हटलं, "सर, चांगलं तर सगळंच..."

"ते राहू दे. दुसरी सांग."

"सर, प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता."

सर चहावरची साय चमच्यानं बाजूला करत राहिले. मला वाटलं, झाली आपली बदली! मग हळूच म्हणाले, "घरी पण हेच म्हणून राहिली ती. लग्न झालं तेव्हापासून."

पुढच्या राउंडला सर आले ते तोंडात लवंग धरून. प्रश्न विचारला की ती दाताखाली आहे तोवर पुढे बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलेलं. पोरांना हे काय माहीत! एक बाई दाखल होती. सारखी झोपायची, सगळ्यांना उकडत असताना हिला थंडी वाजायची, घरच्यांनी आळशी ठरवून टाकलेली, बाहेरच्या डॉक्टरांनी टॉनिकवर टॉनिक दिलेलं. सरांनी विचारलं, "क्या सोचते हो?" आणि थांबले.

थांबलेच.

सर गप्प आहेत म्हणजे आज कोणाचं तरी काही खरं नाही, असं समजून पोरांचे चेहरे पांढरे. शेवटी जवळच्या पाटन गावाहून आलेली ज्योती, जिचा आवाज आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता, ती केवळ ती शांतता सहन होईना म्हणून बोलली. "सर... थायरॉइड?"

तेच निघालं. आणि मला सरांनी नंतर सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या डोक्यात ते आलंच नव्हतं!

मी विचारलं, "आणि लवंगेचं काय झालं?"

"ती तर घाईत गिळूनच टाकली गं." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "लवंगेचं काही नाही. इतकी वर्षं किती पोरांची उत्तरं गिळली असतील मी!"

*

दुबेच्या राउंडला सर गेले तो किस्सा दुबे स्वतःच सगळ्यांना सांगायचा, नियम गेला खड्ड्यात!

दुबेचा राउंड म्हणजे वारा. पुढे तो, मागे पोरांची पळापळ. सरांचे गुडघे त्या काळात कुरकुरायला लागले होते. दोन-चार बेड कसेबसे केले आणि बसले एका पेशंटच्या शेजारी स्टुलावर. पेशंटच्या बायकोला वाटलं, शेजारच्या बेडचे कोणी नातेवाईक आजोबा. तिनं पिशवीतून मटार काढून दिले सोलायला!

सर मटार सोलता सोलता ऐकत राहिले. ती सांगत होती, "भैया, ऑपरेशन तो बढ़िया किया डॉक्टर साहब ने. भगवान भला करे. लेकिन हमने आज तक उनका मुँह नहीं देखा. पीठ देखी है."

चहाला सर म्हणाले, "दुबे, अच्छी बात ये कि तुम्हारा काम लोगों को पसंद है."

"और बदलने वाली?"

"तुम्हारी पीठ अच्छी है. पर लोगों को मुँह देखना है."

दुबे मनावर घेणारा माणूस. दुसऱ्या दिवशी राउंडला गेला आणि पहिल्याच पेशंटपाशी स्टूल ओढून बसला. हर्नियाचे आजोबा, टाके काढून दुपारी घरी जायचे होते. डॉक्टर बसले हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. बायकोचा हात घट्ट धरला. म्हातारी तोंडाला पदर लावून उभी.

आजोबा म्हणाले, "साहब, आप बैठ गए. अब छुपाइए मत. कितने दिन हैं हमारे पास?"

*

बरगी धरणाकडची एक अम्मा माझ्याकडे सारखी दाखल व्हायची. मासेमारी करणारं घर. हृदय कमजोर, पायांवर सूज आणि धाप घेऊन यायची, आठवड्याभरात बरी होऊन जायची, पुन्हा हजर. दर वेळी मी तिला समजावायची. मीठ बंद. गोळ्या वेळेवर. "ठीक है, अम्मा?" अम्मा मान हलवायची. "ठीक है."

फरहत माझी सासूबाई होती त्या दिवशी. चहाला ती आपल्या हळू आवाजात म्हणाली, "आप बहुत प्यार से समझाती हैं. लेकिन आप पूछती हैं 'ठीक है?', तो वो बेचारी और क्या कहेगी? उससे कहलवाइए, आपने क्या बताया."

पटलं. दुसऱ्या दिवशी मी अम्मापाशी गेले आणि सगळं समजावून झाल्यावर विचारलं, "अब बताओ अम्मा, मैंने क्या कहा?"

अम्मानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग सोबत आलेल्या आपल्या पोराकडे वळून हळहळली, "हाय राम, अभी तो बोली थी, अभी भूल गई! इतनी सी उमर में!"

पोरगं लाजेनं खाली पाहत होतं. मी म्हटलं, "हाँ अम्मा, भूल गई. तुम याद दिला दो."

मग तिनं मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. भाजीत मीठ नाही. वरणात मीठ नाही. तिनं ते अगदी कसोशीनं पाळलं होतं, अळणी भाजी घशाखाली उतरेना तरी पाळलं होतं.

"तो फिर रोटी काहे से खाती हो?"

"सूखी मछली से," अम्मा म्हणाली.

मीठ लावून वाळवलेली मासळी! दोन्ही वेळा! मी हतबुद्ध होऊन म्हटलं, "अम्मा, उसमें तो नमक ही नमक है!"

"वो नमक थोड़ी है," अम्मा मला समजावत म्हणाली, "वो तो मछली है."

त्यानंतर अम्मा ओपीडीत यायची, स्वतःच्या पायांनी. वॉर्डात दाखल अशी पुष्कळ दिवस आली नाही. पण आली की आधी मला विचारायची, "बिटिया, याददाश्त अब कैसी है?"

*

हा किस्सा छोटा आहे, पण मला तो फार प्रिय आहे.

सरांनी माझा क्लास पाहिला आणि म्हणाले, "तू इंग्रजीत शिकवतेस तेव्हा तुझे हात गप्प असतात. हिंदीत जरा हलतात. परवा माझ्याशी मराठीत बोलता बोलता तू हृदयाचे चारही कप्पे हवेत काढून दाखवले. ते हात क्लासमध्ये आण."

मी हसले. कारण ते हात घरीसुद्धा फारसे बाहेर यायचे नाहीत. मी मराठीत बोलायचं, मुलानं हिंदीत उत्तर द्यायचं, हे आमचं ठरलेलं. "जेवून घे रे." "खा लूँगा ना, आई." त्याला सगळं कळतं, बोलताना मात्र अडखळतो. मराठीत माझ्याशी घडाघडा बोलणारे या हॉस्पिटलात एक सरच होते. दोघं भेटलो की कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं थांबायचो, कामाचं काही नसलं तरी. "काय करून राहिली?" "काही नाही सर, राउंड." तेवढंच. पण त्या दोन मिनिटांत नागपूरचं आमचं अंगण डोळ्यांपुढे यायचं.

तर, पुढच्या राउंडला सर कोपऱ्यात. मी हात मोकळे सोडायचा प्रयत्न करत होते. आणि हात सुटले तशी जीभही सुटली! पेशंटच्या छातीला स्टेथो लावला आणि आईनं शिकवलेल्या भाषेत म्हणून गेले, "श्वास घ्या... हं, सोडा. घ्या... सोडा."

पेशंट जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक शेठजी. त्यांनी घाबरून माझा हात बाजूला केला.

"मैडम, किसने कहा आपसे? सोडा तो मैं छूता भी नहीं!"

कोपऱ्यातून असा काही आवाज आला की सिस्टर धावत आली, तिला वाटलं कोणाला तरी धाप लागली! सर भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी. गप्प राहायचा नियम त्यांनीच केला आणि त्यांनीच मोडला. दंड म्हणून सगळ्या युनिटला खव्याची जिलेबी!

खरं सांगते, दुसरं कोणी मला तसं हसलं असतं तर राग आला असता. सर हसले तेव्हा वाटलं, आपण चुकून मराठीत शिरलो हे कळणारं माणूस इथं आहे.

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत. हा मला फरहतनं सांगितला, भोपाळला जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, "नियम तोड़ रही हूँ. पर ये किसी को तो पता होना चाहिए."

एक तरुण मुलगा मोटारसायकलवरून पडून आलेला. दुबेनं ऑपरेशन केलं. फरहत त्या दिवशी त्याची सासूबाई होती, म्हणजे ऑपरेशननंतर तो विद्यार्थ्यांना शिकवणार होता तो क्लास पाहायला आलेली. क्लास झालाच नाही. दुबे थिएटरमधून बाहेर आला तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

मुलाचा बाप कॉरिडॉरमध्ये उभा होता. सराफ्यात दागिने घडवणारा कारागीर.

फरहत परत निघाली होती. दुबे म्हणाला, "रुकिए. आज आप सासूबाई हैं ना?" हे तो हसत म्हणाला नव्हता.

एरवी काय होतं तुम्हाला माहीत आहे. दारात उभ्यानं एक वाक्य, त्यात निम्मं इंग्रजी, आणि डॉक्टर आत. दुबेनं त्या माणसाला बाजूच्या खोलीत नेलं. बसवलं. शेजारी बसला. फरहत भिंतीपाशी उभी.

"भैया, आपका बेटा नहीं रहा. हमने बहुत कोशिश की."

बापानं मग विचारलं, "कुछ बोला था वो?"

"नहीं. होश में नहीं था. दर्द भी नहीं था उसे."

बाहेरून बोलावणं आलं, फरहतनं हातानंच नको म्हटलं. बापानं दुबेचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. कारागीर माणूस कशाकडेही पाहतो तसा बोटांकडे पाहत राहिला.

"हाथ तो आपका बारीक काम का है," म्हणाला. आणि मग रडला.

नंतर फरहत आणि दुबे नियमाप्रमाणे चहाला बसले. फरहत म्हणाली, "अच्छी बात ये कि आप उठे नहीं."

"और बदलने वाली?"

ती म्हणाली, "कुछ नहीं है."

दुबेनं कप खाली ठेवला. "आप दीवार के पास खड़ी न होतीं, तो मैं भाग जाता."

*

मग एकेक जण गेला. फरहतची भोपाळला बदली झाली. दुबे इंदूरला मोठ्या खाजगी हॉस्पिटलात गेला. तिथं म्हणे त्याच्या बसण्याच्या सवयीनं पुढचे पेशंट खोळंबतात. सर रिटायर झाले आणि मुलगी त्यांना बेंगळुरूला घेऊन गेली.

आणि आमची सासूबाई वरच्या लोकांना आवडली! म्हणजे तिचं कल्याणच झालं. आता ती सक्तीची आहे आणि मोबाइलवर आहे.

परवा एक नवीन असिस्टंट प्रोफेसर माझा राउंड पाहायला आला. मोठा गुणी मुलगा. कोपऱ्यात उभा राहिला, मोबाइलवर अंगठा फिरवला, आणि माझा अर्धा राउंड व्हायचा होता तोच माझ्या खिशात टिंग झालं. पाच स्टार! आवाज, पाच. वेळेचं भान, पाच. पेशंटशी वागणूक, पाच.

मी त्याला गाठलं. "बेटा, एक बात बताओ जो मैं बदल सकूँ."

पोरगं घाबरलं. "नहीं मैडम! आप तो परफ़ेक्ट हैं!"

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पाच स्टार? म्हणजे गाडी स्वच्छ होती आणि एसी चालू होता!"

हसले मी. पण परफेक्ट हा शब्द ऐकून इतकं एकटं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आजही राउंड घेते, पोरांना प्रश्न विचारते, थांबते, ती उत्तर देतात. सगळं बरं चाललं आहे. फक्त मधूनच मान आपसूक कोपऱ्याकडे वळते. तिथं सलाइनचा स्टँड असतो.

सरांचा रविवारी फोन येतो. बेंगळुरूच्या फ्लॅटची गॅलरी दाखवतात, नातू दाखवतात. तो त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो. मग विचारतात, "तुझ्या राउंडला आता कोण उभं राहतं?"

"कोणी नाही, सर."

"मग तुला कळतं कसं?"

मी विचारते, "तिकडे पाऊस आहे का?"

*

आता शेवटचा. हा मी सरांना सांगितलेला नाही. ते आता ठणठणीत आहेत, पण त्या सकाळचं त्यांना काहीही आठवत नाही, आणि मी आठवण करून देणार नाही.

मागच्या थंडीत सर आणि काकू पुतणीच्या लग्नाला जबलपूरला आले होते. बेंगळुरूच्या हवेची सवय झालेली, इथली थंडी बाधली. लग्न पार पडलं आणि सर तापानं फणफणले. छातीत इन्फेक्शन. मी प्रायव्हेट रूम तयार ठेवली होती, तर म्हणाले, "रूम काहून? माझा वॉर्ड आहे ना!" म्हणून आमच्याच जनरल वॉर्डात, शेवटच्या बेडवर ठेवलं. उतारवयात अशा तापात रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस काही दिवस भरकटतो. आम्ही हे रोज पाहतो. सरांचं तेच झालं. काकूंना कधी ताई म्हणायचे, कधी सिस्टर.

एका सकाळी मी वॉर्डात शिरले तर सिस्टर पळत आल्या. "मैडम, सर बेड से उतर गए! सुन ही नहीं रहे. इंजेक्शन लगा दें?"

पाहते तो सर पहिल्या बेडपाशी उभे. अंगात हॉस्पिटलचे कपडे, वर काकूंची शाल, हातावर सलाइनची पट्टी. पाठीमागे हात बांधलेले. दुबे आदल्या दिवशी इंदूरहून त्यांना भेटायला आलेला, तो दाराशी थबकलेला. काकू बाकावर, हातात चमचा तसाच.

सर राउंड घेत होते.

मी सिस्टरना म्हटलं, "रहने दो." आणि सरांच्या बाजूला जाऊन उभी राहिले, कोपराला नुसता हात लावून, तोल गेला तर असावा म्हणून.

पेशंटशी सर जन्मभर हिंदीत बोलले. त्या सकाळी मात्र एकेक शब्द मराठी. पहिल्या बेडवर एक रिक्षावाला होता. त्याला विचारलं, "रात्री झोप लागली का?"

त्यानं हात जोडले. "जी साहब, लगी."

"छान. खोकला?"

"जी, कम है."

सर पुढे निघाले. नव्या रेसिडेंट पोरांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी कोणालाही काही सांगितलं नाही, पण ती एकेक करून मागे येऊन उभी राहिली. दुबेही आला, सगळ्यात मागे. धावला नाही.

सर प्रत्येक बेडपाशी थांबले. एकाच्या पायाची सूज अंगठ्यानं दाबून पाहिली. एकाची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. एका म्हाताऱ्यानं दोन दिवस ताट बाजूला सारलेलं होतं, आम्ही समजावून थकलो होतो. सर त्याच्यावर वाकले. "जेवण काहून टाकलं? घरची आठवण येते का?"

म्हाताऱ्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "हाँ डॉक्टर साहब," म्हणाला. "हाँ."

"येते," सर म्हणाले. "सगळ्यांना येते."

असं करत करत आम्ही शेवटच्या बेडपाशी आलो. पांघरूण बाजूला पडलेलं, उशीवर डोक्याचा खळगा, सलाइनची नळी लोंबत होती. बेड रिकामा.

सर थांबले. उशाशी लावलेलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे वळून विचारलं, "हे दाते कुठे गेले?"

काकू बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "सर, राउंडला गेलेत."

"एकटेच?"

"नाही सर. आम्ही सगळे आहोत सोबत."

"बरं." सरांनी मान हलवली. मग वाकून ती उशी हातानं सारखी केली, पांघरुणाची घडी घातली, त्यावरून एकदा हात फिरवला आणि पोरांकडे वळून म्हणाले, "येतील ते. तोवर हा बेड कोणाला देऊ नका."